शेवंताचं निमंत्रणपत्र

न्हावरे, ता. शिरूर
१४ जुलै २०२४

चि. सौ. हर्षदास,

मामाचे आशीर्वाद. सुमितरावांनाही सांग. तुला आठवा लागला. दोन्ही वेळा जेवतेस ना? जिना चढू नकोस. तुमच्या अश्गाबातला फोन लागला तर लागतो, नाहीतर मधेच तुटतो, व्हॉट्सॲपचं तर तिथं नावच नको. म्हणून कागदावर लिहून शेजारच्या प्रगतीच्या झेरॉक्सच्या दुकानातून तुझ्या मेलवर धाडतो आहे. मला तसंही लिहिल्यानंच बरं वाटतं.

इकडं पाऊस बेताचा. तुझे वडील, म्हणजे आमचे रखमाजी दाजी, गुडघ्यानं बेजार आहेत, पण म्हशीची धार दुसऱ्याला काढू देत नाहीत. परवा दौंडला मेंढपाळांच्या चराई हक्काच्या सभेत मी तास-दीड तास बोललो. लोक जागचे उठले नाहीत.

आता मूळ मुद्दा. तुमच्या कंपनीतून कळलं, की आम्हा भावाबहिणीचं निमंत्रण नामंजूर झालं. कारण दिलेलं नाही. देतच नाहीत म्हणे.

डॉक्टरांनी तुला विमान बंद केलं, तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी होणार नाही हे ऐकून तुझी आई, आमची शेवंता, एक दिवस जेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी उठून म्हणाली, "ती येऊ शकत न्हाई ना, मंग माहेर तिकडं न्यायचं." तुर्कमेनिस्तान कुठं आहे हेही तिला ठाऊक नव्हतं. मी नकाशा काढून बोटानं दाखवलं. नियम समजावून सांगितले. आपण तिकीट काढून जाऊ शकत नाही. आतल्या कुणीतरी आपल्यासाठी अर्ज करायचा. त्यांचं खातं कितीतरी आठवडे तपासणार, आपण कोण, काय करतो, कशाला येतो. मग निमंत्रणपत्र, ते दाखवल्यावर विमानतळावर व्हिसा. उतरल्यावर तीन दिवसांत पुन्हा नोंद. सरकारी इमारतीकडं कॅमेरा धरायचा नाही.

बोलता बोलता माझा आवाज चढला. पृथ्वीवर माणूस आधी आला की शिक्का, असं काहीतरी मी म्हणत होतो. तिनं ताटातला तांदूळ निवडता निवडता मला थांबवलं.

"दादा, त्यात वाईट काय हाय? आपण कुणाच्या रानात मेंढरं बसवायची तर आधी रानमालकाला इचारतोच ना? कोण तुमी, कुठलं, मेंढरं किती, राती किती. न इचारता बसलं की काठ्याच निघत्यात. त्यांचं रान हाय. त्यांनी इचारायचं, आपण सांगायचं."

चाळीस वर्षं शिकवून मला जे नीट मांडता आलं नसतं, ते तिनं तांदळातला खडा काढावा तसं काढून दिलं.

नकाराचं म्हणशील तर मला वाटतं, तिच्या जन्मगावाचा घोळ नडला. पासपोर्टवर दौंड आहे, मागाहून काढलेल्या जन्मदाखल्यावर वडगाव रासाई. खरं तर दोन्ही नाही. मी सहा वर्षांचा होतो, मला आठवतं. मेंढरं दौंडच्या पुढं निघाली होती. दुपारी आई बाभळीआड थांबली आणि दिवस मावळताना धडुत्यात शेवंताला घेऊन पुन्हा कळपाला येऊन मिळाली. त्या जागेला नाव नाही. जन्मतारखेचं तेच. मला मास्तरांनी एक जून दिली, शेवंता शाळेत गेलीच नाही, तर आधारवाल्यानं तिलाही एक जूनच दिली. भाऊ एक जूनचा, बहीण एक जूनची. तिकडच्या साहेबाला काय वाटलं असेल!

माझ्या अर्जात काही नव्हतं. तू फोनवर बजावलं होतंस तसंच केलं, 'निवृत्त शिक्षक' एवढंच लिहिलं.

आता पुन्हा अर्ज कर, पण तिच्या एकटीचा. हे तिनंच ठरवलं आहे. मलाही ते पटतं. माझा रक्तदाब हल्ली ठीक नसतो, आणि एका माणसाची तपासणी लवकर उरकत असावी.

काळजी घे.

तुझा
जयसिंगमामा


न्हावरे
६ ऑक्टोबर २०२४

हर्षदा,

बाळाला आणि तुला उदंड आयुष्य. शेवंता पोचल्याचा तुझा निरोप मिळाला, पाठोपाठ तीन दिवसांतली नोंद झाल्याचाही. दाजींनी तो निरोप प्रगतीकडून दोनदा वाचून घेतला आणि तिसऱ्यांदा मला वाचायला लावला. मग म्हणाले, "आता म्हैस सुद्धा नीट दूध देईल."

तुझी आई तिथं कशी पोचली हे तुला ती सांगणार नाही. म्हणून मी सांगतो.

निमंत्रणपत्र आलं त्या दिवशी तिनं ते उभं-आडवं धरून पाहिलं. अक्षर एक ओळखीचं नाही. ती म्हणाली, "ह्यात माझं नाव कुठं हाय?" मी बोट ठेवलं. तिनं त्या जागेवरून दोनदा अंगठा फिरवला. मग आत जाऊन लोकर घेऊन आली. निमंत्रणपत्राच्या कोपऱ्याला काळी लोकर बांधली, तिकिटाला पांढरी, विम्याच्या कागदाला करडी, पासपोर्ट मोकळा. "आता चुकायची न्हाई. कळपात आपली मेंढी वळखायला खूण लागती, कागदाला बी लागंल." इस्तंबूलला विमान बदलताना कुणी कागद मागितला की पिशवीत न बघता बोटांनी लोकर चाचपून तो काढायचा, याचा सराव तिनं ओट्यावर बसून आठ दिवस केला. मी अधिकारी व्हायचो, प्रगती पोलीस व्हायची.

"कुणाकडे चाललात?"
"लेकीकडं."
"किती दिवस?"
"कागदावर हायत तितके."
"परत याल ना?"
"म्हैस कोण सांभाळंल?"

प्रगती हसून लोळली. तुझा पत्ता तू मेलवर आवाज भरून पाठवलास, तो तिनं ओवीसारखा घोळवून पाठ केला. मी पुस्तकांवर आयुष्य काढलं, माझ्या तोंडून तो एकदाही सरळ आला नाही. तिच्या तोंडून आला.

विमानतळावर सोडायला मी आणि प्रगतीचा नवरा सुमित गेलो होतो (तुझ्या सुमितरावांशी गल्लत करू नकोस). नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, पायात नवे बूट, तेही तू सांगितलंस म्हणून. मी पुन्हा पुन्हा तेच सांगत होतो. फोटो काढू नकोस, वाद घालू नकोस, कुणी काही विचारलं तर… तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "दादा, मी सहा जिल्ह्यांतनं मेंढरं हाकलीत. किती शिवा वलांडल्या. समद्या ठिकाणी कुणीतरी आडवं आलंच. आडवं आलेल्याला शांतपणी सांगितलं की त्यो बाजू व्हतो."

मी आजवर ज्यांची चरित्रं लोकांना सांगत आलो, त्यांतल्या कुणाचंही नाव मला त्या क्षणी आठवलं नाही. समोर ती होती, तेवढं पुरे होतं.

आता जे लिहायचं ते लिहितो. यासाठीच हे पत्र आहे. तीन कागद फाडून हा चौथा.

जुलैच्या पत्रात मी तुला खोटं सांगितलं. 'निवृत्त शिक्षक' एवढंच मी लिहिलं नव्हतं. तू फोनवर दोनदा बजावलंस, "मामा, वर्तमानपत्र, मासिक, संपादक असलं काही लिहू नका, इथं त्याची वेगळी तपासणी होते." मी हो म्हणालो. आणि रात्रभर माझ्या डोक्यात तोच विचार. एवढी वर्षं बोललो, लिहिलं, मेंढपाळांचं त्रैमासिक चालवलं, आणि परक्या दारात उभं राहताना ते सगळं खिशात घालून जायचं? माझ्या तत्त्वात बसेना. व्यवसायापुढं मी लिहिलं, 'संपादक, लेखक, वक्ता'. वर तीन पानी परिचयपत्र जोडलं. त्यात सीमांवरचे माझे विचारही होते. इंग्रजीत, शिरूरच्या एका भाषांतरकाराकडून. अर्ज थेट कंपनीकडं धाडला, म्हणून तुझ्या नजरेस आला नाही.

ते कारण ठरलं असं कुणी लिहून दिलेलं नाही. पण पुढच्या अर्जात तीच शेवंता, तेच दौंड, तेच वडगाव रासाई, तीच एक जून. फक्त मी नव्हतो. आणि तो मंजूर झाला. मला आणखी काय पुरावा हवा?

गेले ते अडीच महिने माझ्यामुळं गेले. पहिल्याच अर्जावर ती ऑगस्टमध्ये तुझ्याजवळ असती. बाळ एकोणीस सप्टेंबरला झालं, ती एकोणतीसला पोचली. तू कळा एकटीनं काढल्यास.

आणि गावात तिनं काय सांगितलं? "माझ्या जल्माच्या गावाचा घोळ झाला." बायका हसल्या. कुणी म्हणालं, जन्माचं गाव नाही ती परदेशी निघाली. तिनं ऐकून घेतलं. मला वाटायचं, तिला तेच खरं वाटतंय. माझी सोय होती, मी ते तसंच राहू दिलं.

विमानतळाच्या वाटेवर, गाडीत, तिनं मला विचारलं, "ह्या बारीला तू काय जोडलं न्हाईस ना?"

मी गाडीचा पट्टा उगीच सोडून पुन्हा लावला.

"मला तवाच ठावं व्हतं, दादा. तू ते तीन पानांचं ओट्यावर मोठ्यानं वाचलं व्हतंस की. तू काय बी लिवलं की मोठ्यानं वाचतूस. हर्षदा फोनवर काय म्हनली ते बी मी ऐकलं व्हतं."

"मग तेव्हा मला अडवलं का नाहीस?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला वाटलं, हितं समदी तुला मानत्यात, तिथं बी मानतील. माझा भाऊ किती मोठा हाय ते त्यांस्नी बी कळंल."

सुमितनं आरशातून आमच्याकडं पाहिलं आणि गाडीचा रेडिओ बंद केला.

मी म्हणालो, "हर्षदाला तू सांगशील?" ती म्हणाली, "मी न्हाई सांगायची. तुझं तू बघ."

म्हणून लिहितो आहे. माफी मागत नाही, ती द्यायची की नाही हे तुझं तू ठरव. पण एक गोष्ट तुझ्या हातात आहे आणि ती आजच व्हायला हवी.

एकोणीस तारखेला, बाळ झाल्यावर तू दवाखान्यातून फोन केलास. थकलेली होतीस, रडत होतीस. आईला म्हणालीस, "तुझं दाखल्यावरचं गाव वेळेत नीट करून घेतलं असतंस तर आज तू माझ्याजवळ असतीस. मी किती वर्षांपासून सांगत होते." तिनं एवढंच उत्तर दिलं, "व्हय बाई, माझंच चुकलं." आणि बाळाचं वजन विचारलं.

फोन स्पीकरवर होता. मी तिच्या शेजारी बसलो होतो, हातभर अंतरावर. दहा हजारांच्या सभेत ज्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, त्याच्या तोंडून त्या वेळी एक शब्द फुटला नाही.

ते बोलणं तिच्या अंगावरून काढून घे, पोरी. ते माझं आहे.

जयसिंग