शेवटच्या ओळीपर्यंत

आई, काल पनवेलला डोळे तपासून आलो आणि तेव्हापासून डोकं तापलेलं आहे. एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही आणि कडेला कुठे उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मला काही चमकलेलंच दिसेना. कर्जत-कशेळे चालवतो ती जीप हातची जाईल या भीतीने मी अंदाजपंचे बटण दाबत सुटलो. तपासणारी मुलगी म्हणाली, "काका, दिसलं तरच दाबा. मशीनला कळतं." पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मशीनमधून निघालेल्या कागदावर मधला थोडा भाग सोडला तर सगळं काळं. भिंतीवरचा तक्ता मात्र मी शेवटच्या ओळीपर्यंत खाडखाड वाचला. डॉक्टर म्हणाला, "तक्त्यावर समोरचं कळतं, कडेचं नाही. डोळ्याच्या आतला पडदा खराब होतोय. घराण्यात चालतं हे."

आणि मला कशेळ्यातली ती खानावळ आठवली. तू वाढते आहेस आणि कडेला बसलेल्या गिऱ्हाइकाच्या मांडीवर आमटी सांडते आहे. दिवेलागणीनंतर तर तू घरातल्या उंबऱ्यालाही ठेचकाळायचीस. मालकाने तुला डोळ्यांच्या शिबिरात नेलं. सातवी शिकलेली तू, मान ताठ करून सगळा तक्ता वाचून दाखवलास. नजर उत्तम, असं सांगितलं त्यांनी, आणि तिथेच घात झाला. मालक म्हणाला, "डोळं तर चांगलं हायत बाय, मग ध्यान कुठं असतं तुजं?" घरी बाबा तेच, आत्या तेच. चष्मा लागला असता तर कुणी चकार शब्द काढला नसता. काम गेलं, आणि वेंधळी हे नाव तू गेलीस तरी गेलं नाही. कडेचं किती दिसतं, एवढं एकानेही तुला विचारू नये? त्याला मशीन कशाला हवं होतं, कानाजवळ बोट हलवून पाहिलं असतं तरी भागलं असतं. राग राग होतो नुसता, आणि काढायचा कुणावर?

जीपची चावी आजच भावाकडे दिली. ते सोसेन. पण डॉक्टर म्हणतो, मुलीलाही घेऊन या. तू पाहिली नाहीस तिला, आठवीत आहे. हे लिहून झालं की चुलीत घालणार, तिच्या हाती पडायला नको, तिला अजून काही सांगितलेलं नाही. परवा दिवेलागणीला ती अंगणातल्या बादलीवर आदळली, सगळं पाणी सांडलं. मी ओट्यावरून ओरडलो, "डोळं फुटलं का? ध्यान कुठं असतं गं तुजं?"