आमच्या घरातला अबोला

३ जून

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

हाताला कंप सुटतो म्हणून मालकाने तुला दातांच्या कवळ्या घडवण्याच्या कामावरून उठवून पाकिटं बांधायला बसवलं, हे मला तुझ्या नवऱ्याकडून कळावं? वर डॉक्टरांनी शरीरात दोष नाही म्हटल्यावर तू कुठल्या समुपदेशक बाईंकडे जाऊन बसतेस! मी शाळा चालवली आहे. रडणाऱ्या मुली मीही गप्प केल्या.

तुला काय सलतं ते विचारायला काल त्या बाईंना फोन केला. म्हणाल्या, बहिणीलाच विचारा. शिवाय तुमचा फोन आल्याचं त्यांना सांगणार. काय हा ताठा! तिकडे जाणं बंद कर. आणि नुसत्या चहावर राहू नकोस.

तुझ्या काळजीत,
ताई

१४ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

बाईंनी फोनचं सांगितलं, तर मी त्यांच्यावरच ओरडले. मला कळू दिलं नसतंत तर काय बिघडलं असतं, असं काहीबाही बोलले आणि दार आपटून निघाले. वाटलं, संपलं. आपल्या घरात आवाज चढला की पुढे काय होतं, तुला ठाऊक आहे. बाबा पाण्याचा पेलासुद्धा आईमार्फत मागायचे. मी कॉलेज सोडून कवळ्या घडवायला लागले, तेव्हा तूही वर्षभर एक ओळ लिहिली नाहीस. तेव्हापासून राग गिळत आले.

पुढच्या मंगळवारी पाय ओढत गेले. बाईंनी नेहमीसारखं बसा म्हटलं. मी माफी मागू लागले, तर म्हणाल्या, आधी राग पुरा ऐकू द्या. तासभर चिडले. त्या तिथेच होत्या. ताई, असं कुणी थांबतं हे मला माहीतच नव्हतं.

म्हणून आता तुला लिहिते. मला तुझा राग आला आहे. फोन करायला नको होतास. मी जाणं बंद करणार नाही. तू पुन्हा गप्प होशील या भीतीने अक्षर हललं आहे, तरी पत्र टाकते आहे.

तुझीच,
धाकटी

२२ जून

चि. धाकटीस, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं. तुझे भावोजी म्हणाले, चला, आता वर्षाची निश्चिंती झाली. मग त्यांच्यावरही चिडले आणि कागद काढला.

राग गेलेला नाही. फोन करणं चूक होतं हे मला अजून पटत नाही, पण पुन्हा करणार नाही. तुझा मंगळवार चुकवू नकोस. मी रविवारी सकाळच्या गाडीने येते आहे. त्या वर्षाबद्दल जे बोलायचं असेल ते तोंडावर बोल. मुक्कामाला येते आहे; भांडण झालं म्हणून उठून जाणार नाही.

राग आहे, लोभही आहे. दोन्ही असू दे.

ताई