उंदरांचे कान

हैदराबाद, रविवार

प्रिय आईस,
सविनय जयभीम.

फोनवर तुला माझं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं.

उंदरांचं काय करतेस, असं तू विचारलं होतंस. आमच्या प्रयोगशाळेतल्या काही उंदरांच्या कानात, पडद्यामागे, चिकट पाणी साचतं आणि त्यांना ऐकू येईनासं होतं. ते कशानं होतं, हे आम्ही शोधतोय. लहानपणी तुझंही असंच झालं असावं.

काल मला पहिल्यांदा एक उंदीर स्वतः मारावा लागला. त्याशिवाय आतलं दिसत नाही. आधी भूल दिली, त्याला दुखलं नाही. सर म्हणाले, "आज नको वाटत असेल, तर उद्या कर." मी म्हटलं, "उद्याही नकोच वाटेल, सर." आणि केलं.

तू रोज म्हणतेस ते पहिलं शील, जीवहत्या न करण्याचं, तेव्हा आठवत होतं. आज विहारात जायचं धाडस झालं नाही.

पिंकीताईच्या बाळाचा कान अजून वाहतो का? तेल घालू देऊ नकोस. सायखेड्यात थांबू नका, नाशिकला कानाच्या डॉक्टरांना दाखवा. तुझ्या वेळी कुणी दाखवलं नाही.

मी चुकतेय असं वाटलं, तर तसंच लिही. फक्त गप्प राहू नकोस.

तुझी,
वैशाली