तळ्याकाठी नऊजण

प्रिय ऍलन,

सगळ्यांत आधी पोचले ते ग्लासगोचे डॉक्टर नवगावकर, आणि तेही चिखलाच्या बुटांनी थेट कार्पेटवर. मागून व्हॅनमधून बाकीचे उतरले. अरे, माझ्या घरात एवढी पुरुषमाणसं! शेजारच्या सोफीकडून खुर्च्या मागवल्या, गूळ-खोबऱ्याचे पोहे केले. कुणी कोकणातल्या गोष्टी काढल्या, कुणी माझ्या इंग्लिशला हसलं. इतकी खूश मी किती महिन्यांनी झाले. या वाडीत मोजून सहा घरं, पुढे जंगल, मागे तळं. हरणं सोडून माझ्याकडे येतं कोण?

ते कशाला आले होते ते आता लिहायलाच हवं. तुझे पप्पा गेले रे. गळ घेऊन बोटीतून वरच्या तळ्यावर गेले, नको म्हणत होते मी. दोन तळ्यांमधल्या नदीला पाणी फार होतं. बोट तिथेच लव्हाळ्यात सापडली. ते मात्र जंगलातून वाहत खालच्या तळ्यापर्यंत गेले, पुलाजवळ झाडं तोडणाऱ्यांना दिसले. अंगठी बोटात तशीच होती. चेहरा सोफीच्या नवऱ्याने मला पाहू दिला नाही.

पुरायचं इथेच, हे त्यांचंच सांगणं. त्या दिवशी बर्फाने रस्ता बंद, ग्लासगोहून कुणाला येता आलं नाही. मेलेल्या माणसासाठी कादिश म्हणायला आपले दहा यहुदी पुरुष लागतात, म्हणून प्रार्थनेवाचूनच मातीत गेले. आता रस्ता मोकळा झाला तसे हे लोक आले, तर नऊच. सोफीचा नवरा आपल्यातला नाही, तरी बिचारा म्हणाला, मी टोपी घालून उभा राहतो, देव कुठे बघतोय. सगळे हसले, मीपण हसले. मग कादिश न म्हणताच प्रार्थनेची पुस्तकं मिटून गेले.

आठवतं ना, तू आम्हाला साउथहॅम्प्टनला न्यायला आला होतास. हे नाही म्हणाले, तसा चिडून बोललास, "या जंगलात मेलात तर कादिशला दहा माणसं मिळायची नाहीत." ते म्हणाले, "नाही मिळाली तर नाही. मी मेलो तरी याला कळवायचं नाही." मला शपथ घातली. ती आज मोडते आहे, तुझं खरं झालं म्हणून नव्हे. फोनवर मला बोलता आलं नसतं, म्हणून पत्र. लोक एवढ्या लांबून आले, एकच कमी पडला, आणि कादिश म्हणायचं तर मुलानेच. लिऑरलाही आण, माझा नातू तेराचा झाला, आता तोही पुरुषांत मोजला जातो, म्हणजे अकरा होतील. सोफीच्या खुर्च्या अजून परत केल्या नाहीत. सगळे पुढच्या रविवारी दुपारी परत येतो म्हणालेत.

तुझीच,
आई