उशीवरचा डबा

सोमवार, रात्र

आज सुधीरने सुट्टी काढून मला डॉक्टरबाईंकडे नेलं. “हिला आता इच्छाच होत नाही. काहीतरी गोळी द्या.” गोळी! मला!

लग्नाला सोळा वर्षं झाली. मीही ऑफिसातून येते, आणि रोज याच्या बॅगेतून खरकटा डबा काढून घासते. साधं पाणी घालून ठेव म्हटलं, तर “विसरलो गं.” मग रात्री तोच आंबूस हात याला हवा असतो.

घरी आलो, तर शुक्रवारचा डबा अजून बॅगेतच. घासला नाही. झाकण काढून त्याच्या उशीवर ठेवला. दुष्टपणा झाला का? होऊ दे.

आडवा व्हायला गेला आणि ओरडला, “हे काय गं?”

म्हटलं, “झोप याच्याजवळ. इच्छा झाली की सांग.”