अवलंबित: पती

३ मार्च. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे.
हिचा डबा भरून, झाकण दोनदा तपासून लिहायला बसलो आहे.

ती. ताईस सा. न. वि. वि.

वसाहतीत घर मिळाले. दोन खोल्या, तिसरा मजला, पाणी दोन वेळ. वाटपपत्राची आणि मी भरलेल्या अर्जाची झेरॉक्स सोबत आहे. अर्जात एकही खाडाखोड नाही, हे तुझ्या लक्षात येईलच. नववीत शाळा सुटली तरी अक्षर सुटलेले नाही. बांधणीच्या कारखान्यात मालकसुद्धा पुस्तकांच्या पाठीवरची नावे माझ्याकडूनच तपासून घेतात.

अर्जाच्या मागच्या सूचना कोणी वाचत नाही. मी वाचल्या, अठराही. चौथी अशी की घरात ज्याचे उत्पन्न जास्त, त्याचे नाव कुटुंबप्रमुख म्हणून लिहावे. ही यार्डात क्रेन चालवते, तिचा पगार माझ्या पावणेदोन पट. तेव्हा तिचे नाव लिहिले. खाली ‘अवलंबित’ असा रकाना होता. तो रिकामा सोडणे बरे दिसेना, म्हणून तिथे माझे.

बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला इथे २ एप्रिल तारीख मिळाली आहे. त्यांना खिडकीकडची खोली देऊ. झेरॉक्स त्यांना जरूर दाखव. नीटनेटका कागद त्यांना आवडतो.

लोभ आहे तेवढा पुरे, कमी मात्र होऊ देऊ नकोस.
तुझा भाऊ

९ मार्च

चि. फूटपट्टीस अनेक आशीर्वाद.

दाखवली. बाबांनी भिंग लावून वाचली. डोळ्यांना निम्मेच दिसते, पण नेमके तेच निम्मे दिसले. चहा गार झाला. तीस वर्षे कारखान्याच्या दारावर लोकांची हजेरी मांडली, आणि पोराने स्वतःला बायकोच्या खाली मांडून घेतले, असे म्हणून ते उठले. संध्याकाळी शेजारच्या पोस्टमास्तरांना मात्र सांगून आले की मुलाला घर मिळाले, मुलाच्या नावावर.

अरे शहाण्या, तो रकाना रिकामा राहिला असता तर आभाळ कोसळले असते का?

आता गंमत ऐक. हे भाषण बाबांनी ज्या खुर्चीत बसून केले ती माझ्या पगाराची. डोक्यावरचा पंखा माझ्या पगाराचा. भिंगही. मी दिवसभर लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढते आणि घरी आल्यावर मला कळते की पुरुषांच्या अंगात एक हाड जास्त असते, फक्त ते यंत्रात दिसत नाही. आई तोंड फिरवून हसली, ते बाबांना दिसले नाही.

ऑपरेशनला येणार नाही म्हणतात. डॉक्टरांनी बजावले आहे की एप्रिल उलटला तर तो डोळा गेलाच समज. काय ते बघ, पण क्रेनवालीला विचारल्याशिवाय काही खरडू नकोस.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई

१० मार्च

चि. मुलास अनेक आशीर्वाद.

कागद पाहिला. अक्षर चांगले आहे, मजकूर चांगला नाही. प्रमुखाचे नाव बदलून घ्यावे व बदललेली प्रत पाठवावी. ती हाती पडल्यावर प्रवासाचे बघू. सूनबाईंबद्दल माझे काही म्हणणे नाही, त्या कष्टाळू आहेत. म्हणणे कागदाबद्दल आहे.

डोळ्याची काळजी करू नये. दुसरा आहे.

बाबा

१८ मार्च. दुपारी एक वाजता, जेवणाच्या सुट्टीत, डिंकाचे हात धुऊन.

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

आपल्या आज्ञेप्रमाणे सोमवारी अर्धी रजा टाकून कचेरीत गेलो. खिडकीवरच्या बाईंनी सांगितले की प्रमुख बदलायचा तर सध्याच्या प्रमुखाची संमतीची सही लागते. मी नवरा असल्याचे सांगितले. त्या म्हणाल्या की तशी नोंद आहेच, अवलंबितात. शिवाय प्रमुखाचे उत्पन्न बदलले की दोन खोल्यांचे वाटप रद्द, आणि आपण पुन्हा रांगेत शेवटी.

घरी येऊन अर्ज हिच्यापुढे ठेवला, तुमच्या डोळ्याचे सांगितले. दुपारपाळीला निघाली होती, बूट घालता घालता वाचला. म्हणाली, खोल्या पुन्हा मिळतील, डोळा मिळणार नाही. आणि सही करून टाकली. दारातून एवढेच म्हणाली की बाबांचे म्हणणे कळले, तुझे काय ते तू अजून बोललाच नाहीस.

बाबा, तो सही केलेला अर्ज घेऊन काल पुन्हा रांगेत दीड तास उभा होतो. तेवढ्या वेळात माझे म्हणणे शोधले. अर्जात लिहिले ते चुकून लिहिलेले नाही. खरे होते म्हणून लिहिले, आणि लिहिताना लाज वाटली नव्हती. ती तुमचे पत्र आल्यावर वाटली. म्हणजे ती माझी नव्हे, टपालाने आलेली. माझा नंबर पुकारला तेव्हा मी बाजूला झालो.

तरी कळावे की अर्ज प्रमुखाने मंजूर केला होता. अवलंबिताने मागे घेतला.

ऑपरेशनची तारीख कायम आहे. तिकीट सोबत जोडले आहे. रागावून का होईना, यावे.

आपला आज्ञाधारक (एक वेळ सोडून)
मुलगा

३१ मार्च. संध्याकाळी सहा चाळीस. बाबांच्या डोळ्यात थेंब घालून दहा मिनिटे झाली.

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाबा पोचले. दोन दिवस आधी, एकटे, न कळवता. तू गाडीत बसवून दिलेस आणि गप्प राहिलीस, त्याबद्दल वेगळे भांडेन.

फाटकावरच्या रखवालदाराने कोणाकडे जायचे ते विचारले. बाबांनी माझे नाव सांगितले. त्याच्या यादीत फक्त प्रमुखांची नावे. या नावाचे इथे कोणी राहत नाही, असे त्याने सांगितले. सुनेचे नाव बाबांना ठाऊक आहे, ताई. पण घेतले नाही. पिशवी मांडीवर घेऊन पाऊण तास बाकावर बसले. एवढे ऊन, तो तसला डोळा, आणि एक नाव घ्यायचे होते फक्त.

ही रात्रपाळी करून उशिरा परतली. तिने पिशवी उचलली. रखवालदाराने वही उघडून नाते विचारले. ही सांगणार तोच बाबांनी वही स्वतःकडे ओढली. दुसऱ्याच्या हातची नोंद त्यांना कधी पटली आहे? मी नंतर खाली जाऊन पाहिली. तारीख, वेळ, सामान एक नग, आणि नात्याच्या रकान्यात त्यांच्या घोटीव अक्षरात: कुटुंबप्रमुखांचे सासरे.

जिन्यात मला एवढेच म्हणाले की वही बरी ठेवली आहे, पेन भिकार आहे. त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. पंखा वाढवू का, हे हिलाच विचारतात.

लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून प्रमुख होण्याच्या खटपटीचा खर्च: अर्जाचा नमुना दहा, झेरॉक्स चार, बसभाडे चोवीस, एकूण अडतीस. त्यासाठी हिच्याकडून उसने घेतले पन्नास. परत केले बारा. देणे बाकी, अडतीस.