दहाच्या पुढे

२ जून

तुझा तो नवा स्पीकर घेऊन जा. भिंतीतली वायर मी उपसून ठेवली, तरी मेला मोजतोच आहे. तेही माझ्या आवाजात.

चि. नातवाला आजीचे आशीर्वाद, मागितले नसतील तरी.

तुझे आजोबा स्पीकर बनवायचे तेव्हा मी पडद्यामागे उभी राहून एक ते दहा मोजायची. मग तेच मोजणं टेपवरून स्पीकरमध्ये वाजायचं. खरी कोण आणि खोकं कोण, हे त्यांना ओळखता आलं नाही की स्पीकर पास. वर्षाला बारा व्हायचे. तुझ्या कारखान्यात रोज तीनशे होतात आणि ऐकायला माणूस नाही, मशीन आहे. टेप मात्र माझीच. कारखाना सुरू झाल्यापासून माझा घसा बसत गेला. आता महिना झाला, तोंडातून नुसती हवा येते. डॉक्टर म्हणतो, घशात काही नाही. मी तरी दुसरं काय म्हणते?

टेपवर मी दहापर्यंतच मोजलंय. हा काल तीनशेपर्यंत गेला. ती टेप बंद कर, एवढंच मागते.

लोभ आहे तो असू दे, स्पीकर ने.
आजी

९ जून

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून खूप हसलो. टेप बंद कशी करू? तुझ्या मोजण्यावर पास झालेला स्पीकर घरच्या माणसासारखा बोलतो, असं गिऱ्हाईकं म्हणतात. आमची जाहिरातच ती आहे. आणि घसा बसल्याचं सोंग पुरे. परवा फोनवर अर्धा तास बोललीस, आवाज खणखणीत. "बाळा, माल वाढव, दुसरी पाळी लाव," असं तूच म्हणालीस ना? लावली. कालपासून रोज सहाशे.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझा नातू

१४ जून

सोंग म्हणतोस? महिनाभर मी फोनला हात लावलेला नाही.

आशीर्वाद आहेत, पण आधी ऐक. गाढवा, मी तुला जन्मात कधी 'बाळा' म्हटलंय? खरी कोण आणि खोकं कोण, तुला ओळखता आलं नाही. म्हणजे स्पीकर पास झाला.

आता तो सहाशेपर्यंत मोजतो. काल दुपारी फोन वाजला. मी उठेपर्यंत घंटी थांबली आणि बाहेरच्या खोलीतून मीच बोलताना मला ऐकू आले. जेवलास का, दमलास का, असं गोड गोड विचारत होते.

टेप तोड. मग उत्तर पाठव. तूच लिही, तुझ्या वाकड्या अक्षरात. फोन करू नकोस, ती उचलेल.